पाच व्होल्टांचा बांध

रायपूर शहराच्या पूर्व भागात, ग्रेट ईस्टर्न रोडला लागून, तेलीबांधा नावाचे जुने तळे आहे. भोवतालची वस्तीही त्याच नावाने ओळखली जाते. छत्तीसगड हा भाताचा आणि तळ्यांचा मुलूख. पावसाचे पाणी अडवावे, साठवावे आणि वर्षभर पुरवून वापरावे, ही विद्या येथे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली गेली. आज या तळ्याकाठी फिरावयास प्रशस्त मार्ग झाला आहे आणि नगरवासी त्याला कौतुकाने ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणतात. पण मूळ नावात दडलेला बांध जुन्या अनुभवाची आठवण देत राहतो. पाण्याची पातळी किती राखावयाची, त्याला वाट कोठून द्यावयाची आणि अधिक झाले तर ते कोठे सांडावयाचे, या तीन गोष्टी ज्याने आधी ठरविल्या त्याचेच तळे टिकते. विजेच्या बाबतीतही याच तीन गोष्टींचा विचार करावा लागतो.

हा विचार आता केवळ अभियंत्यांनी करावयाचा राहिलेला नाही. रायपुरात १९५६ साली खाणकाम आणि धातुविद्या शिकविणाऱ्या महाविद्यालयाची पायाभरणी झाली. २००५ साली ते राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थान झाले. त्याच २००५ साली इटलीतील इव्हरेआ या लहानशा गावी काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांसाठी एक स्वस्त विद्युत्-पाटी तयार केली आणि अकराव्या शतकातील तेथील एका राजावरून चाललेले ‘आर्डुइनो’ हे नाव तिला दिले. तळहाताएवढ्या या पाटीवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक सूक्ष्मनियंत्रक, बसविलेला असतो. त्याला लिहून दिलेल्या सूचना तो क्रमाने पाळतो. तापमान मोजतो, दिवे लावतो, पंप चालू-बंद करतो. आपल्याकडे २०१६ नंतर सुरू झालेल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांच्या द्वारे अशा पाट्या हजारो शाळांतून पोहोचल्या. एके काळी प्रयोगशाळेच्या कपाटात कुलूपबंद असणारे साधन अशा रीतीने शाळकरी मुलांच्या दप्तरात आले.

रायपुरात मराठी माणूस नवखा नाही. छत्तीसगडावर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे मध्य प्रांताच्या कचेऱ्यांतून, रेल्वेतून, शाळांतून आणि भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थिरावली. तेलीबांध्यातील अशाच एखाद्या घराची कल्पना करावी. घरातील नववीतल्या मुलीने तळ्याच्या पाण्याचे तापमान दर दहा मिनिटांनी मोजून नोंदविणारे यंत्र जुळविले आहे. पाणी जसजसे तापते तसतसा त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि माशांचे जीवन त्या प्राणवायूवर अवलंबून असते. म्हणून चैत्र-वैशाखात तळे किती तापते हे तिला पाहावयाचे आहे. घरी संगणकाच्या तारेवर यंत्र उत्तम चालते. परंतु तळ्याकाठी संगणक कसा न्यावयाचा? तेथे वीज कोठून आणावयाची?

अशा वेळी प्रत्येक घरात जे होते तेच येथेही होते. टेबलाचा खालचा खण उघडला जातो. त्यात बंद पडलेल्या उपकरणांचे चार ॲडॉप्टर असतात, एक चौकोनी नऊ व्होल्टांची बॅटरी असते. अंगणात जुन्या स्कूटरची बॅटरी आणि गच्चीवर एक लहान सौर-तक्ता असतो. मुलगी एक ॲडॉप्टर उचलते. त्याची पिन पाटीवरील गोल सॉकेटमध्ये नेमकी बसते.

“आजोबा, ही पिन बरोबर बसतेय. लावू का?”

वीज-खात्यात उभी हयात घालविलेले आजोबा चष्मा पुसत म्हणतात, “पिन बसली म्हणून वीज बसत नाही, बाळ. आधी त्यावर काय लिहिलंय ते वाच.”

सारा विषय आजोबांच्या या एका वाक्यात आला आहे. त्याचा उलगडा करावयाचा तर प्रथम पाटीच्या अंतरंगात डोकावले पाहिजे. आर्डुइनो उनो ही पाटी सर्वांत परिचित, म्हणून तिचेच उदाहरण घेणे सोयीचे. तिच्यावरील सूक्ष्मनियंत्रक पाच व्होल्टांवर चालतो. पाच हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १९६४ च्या सुमारास अमेरिकेत तर्कमंडलांची जी मालिका बाजारात आली तिने पाच व्होल्टांचा दाब स्वीकारला आणि पुढील कित्येक दशके तीच रीत पडली. उनोवरील नियंत्रकाला साडेपाच व्होल्टांपर्यंत काम करता येते. सहा व्होल्ट ही त्याच्या सहनशक्तीची अखेरची सीमा. सहाच्या वर दाब गेला तर तो तत्काळ मरेलच असे नाही, परंतु त्याच्या जीविताची हमी त्याचा निर्माताही देत नाही. पाच व्होल्टांचा बांध तो हा.

या बांधाच्या आत येण्यास पाटीला चार दारे आहेत, आणि प्रत्येक दारावरचा पहारा निराळा आहे. पहिले दार यूएसबीचे. येथून येणारा दाब मुळातच पाच व्होल्टांचा असतो. शिवाय सुमारे अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह सतत वाहू लागला तर वाट रोखणारा आणि थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज तेथे बसविलेला असतो. दुसरे दार गोल सॉकेटचे. येथे दोन पहारेकरी आहेत. एक डायोड, जो धन-ऋण टोकांची अदलाबदल झाली तर प्रवाहाला आत येऊ देत नाही. आणि दुसरा रेग्युलेटर, म्हणजे दाबाचा नियामक, जो बाहेरचा अधिक दाब उतरवून पाच व्होल्टांवर आणतो. तिसरे दार ‘व्ही-इन’ नावाच्या पिनेचे. येथून आलेली वीज नियामकाकडेच जाते, पण वाटेत डायोड नाही. तार उलटी जोडली गेली तर अडविणारे कोणी नाही. चौथे दार ‘पाच व्होल्ट’ असे लिहिलेल्या पिनेचे. तेथे ना डायोड, ना नियामक, ना फ्यूज. त्या पिनेवर जे येईल ते सरळ नियंत्रकाच्या अंगावर जाते. बारा व्होल्टांची तार चुकून या पिनेला लागली तर पाटी निकामी होण्यास डोळ्याचे पाते लवण्याचाही अवकाश लागत नाही. शेजारीच ‘३.३ व्होल्ट’ अशी पिन असते. ती फक्त वीज देण्यासाठी आहे, घेण्यासाठी नव्हे.

गोल सॉकेटमधून सात ते बारा व्होल्टांचा पुरवठा द्यावा, असे या पाटीबाबत सांगितलेले असते. काम पाचांवर चालत असता सात का मागावयाचे, असा प्रश्न मुलांना पडतो आणि तो रास्तही आहे. नियामकाला आपले काम करण्यासाठी सुमारे एक व्होल्टाचा अवसर लागतो; डायोड जाता-जाता पाऊण व्होल्ट खातो. पाच, एक आणि पाऊण यांची बेरीज सातांच्या जवळ जाते. चार कोरड्या सेलांचे सहा व्होल्ट या दारातून दिले तर नियंत्रकाला पुरते पाच मिळत नाहीत. यंत्र मध्येच अडखळते आणि दोष सूचनांचा की विजेचा, याचा उलगडा न झाल्याने विद्यार्थी रात्रभर जागतो. सहा सेलांचे नऊ व्होल्ट मात्र या दाराला चांगले मानवतात.

वरच्या मर्यादेचे कारण उष्णता हे होय. या पाटीवरील नियामक अधिकचा दाब साठवून ठेवीत नाही; तळ्याच्या सांडव्याने जादा पाणी वाहून जावे तसा तो जादा दाब उष्णतेच्या रूपाने टाकून देतो. बारा व्होल्ट आत घेऊन पाच बाहेर द्यावयाचे, तर सात व्होल्ट जळून जातात. प्रवाह ५० मिलिअँपिअर असेल तर ही उष्णता वॅटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणजे सुसह्य असते. तोच प्रवाह २०० मिलिअँपिअर झाला की ती १.४ वॅट होते, आणि नखाएवढ्या त्या तुकड्याला बोट लावणे अशक्य होते. साडेसात व्होल्टांचा पुरवठा असता तर तेवढ्याच प्रवाहाला केवळ अर्धा वॅट खर्ची पडला असता. रायपूरच्या उन्हाळ्यात सावलीतले तापमानच ४४-४५ अंशांपर्यंत चढते. तळ्याकाठी उन्हात ठेवलेल्या बंद डब्यात ते याहून पुष्कळ अधिक असणार. थंड खोलीत निर्वेध चाललेली पाटी तेथे भर दुपारी बंद पडावी आणि सायंकाळी पुन्हा चालू व्हावी, यात भुताटकी काही नाही. नियामक तापून स्वतःला वाचविण्यासाठी थांबतो, एवढेच. म्हणून वीस व्होल्टांपर्यंत नियामक तग धरतो असे जेथे लिहिलेले असते, तेथेही शहाण्याने बारांच्या पुढे जाऊ नये आणि शक्य तर नऊंच्या आसपास राहावे.

आता त्या खणातील वस्तू एकेक पारखण्यास हरकत नाही. ॲडॉप्टरच्या लेबलावर चार गोष्टी पाहावयाच्या. बाहेर येणारी वीज एकदिश आहे की प्रत्यावर्ती, हे पहिले. काही जुन्या उपकरणांचे ॲडॉप्टर नऊ किंवा बारा व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज देतात आणि ती येथे चालत नाही. दुसरे व्होल्ट. तिसरे अँपिअर, आणि याविषयी एक गैरसमज घरोघर आढळतो. दोन अँपिअरचा ॲडॉप्टर लावला तर दोन अँपिअर पाटीत घुसतील, ही भीती निराधार आहे. दाब किती द्यावयाचा हे पुरवठा ठरवितो. प्रवाह किती घ्यावयाचा हे उपकरण ठरविते. मोठ्या तळ्याकाठी लहान घागर भरली तर घागर फुटत नाही. चौथी गोष्ट धन-ऋणाची खूण. उनोच्या सॉकेटमध्ये मधली पिन धन लागते; ज्या ॲडॉप्टरच्या चित्रात मध्यभागी ऋण चिन्ह असेल तो बाजूस ठेवावा. आणि लेबल वाचल्यावरही मल्टिमीटरने एकदा दाब मोजावा. कारण जुन्या, वजनदार, रोहित्राच्या ॲडॉप्टरवर बारा लिहिलेले असले तरी बोजा नसताना त्यातून सोळा-सतरा व्होल्ट निघालेले आढळतात.

चौकोनी नऊ व्होल्टांची बॅटरी मुलांना फार आवडते, कारण ती सुटसुटीत असते. पण तिचा साठा सुमारे ५०० मिलिअँपिअर-तासांचा. पाटी स्वतःच ५० मिलिअँपिअरच्या आसपास खाते. दहा तासांत बॅटरीचा दम संपतो, आणि मोटर जोडली तर त्याच्याही आधी. मोबाइलसाठी वापरतात ती पॉवर बँक अधिक बरी; परंतु प्रवाह फार थोडा आहे असे पाहून ‘काम संपले’ अशा समजुतीने पुष्कळ पॉवर बँका स्वतःच बंद होतात, हे ध्यानात ठेवावे. स्कूटरच्या बॅटरीत साठा भरपूर; पण भारित होत असता तिचा दाब चौदा व्होल्टांच्या वर जातो, आणि तिच्या दोन टोकांना धातूचा एखादा तुकडा टेकला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह उसळून तार लाल होते व ठिणगी उडते. म्हणून तिच्या धन टोकालगत एक अँपिअरचा फ्यूज असल्यावाचून तिला हात लावू नये. ‘बारा व्होल्टांचा’ म्हणून विकला जाणारा सौर-तक्ता तर नावालाच बारांचा. बोजा नसताना भर उन्हात तो एकवीस-बावीस व्होल्टांपर्यंत चढतो. तो थेट पाटीला जोडणे म्हणजे बांधाचे दार पुराला उघडून देणे होय. त्याची वीज भार-नियंत्रकामार्फत बॅटरीत आणि बॅटरीची वीज पाटीत, हाच क्रम योग्य.

येथवर जोखीम पाटीची होती. एका ठिकाणी मात्र जोखीम जिवाची असते. कोरब्याच्या औष्णिक केंद्रांतून निघालेली वीज घरातील सॉकेटमध्ये २३० व्होल्टांनी येते. चांगला ॲडॉप्टर ती केवळ उतरवीत नाही. घरातील वीज आणि बाहेर आलेली वीज यांत तो पक्का आडपडदाही राखतो. फुटलेला, उघडलेला किंवा मानक-चिन्ह नसलेला ॲडॉप्टर हा आडपडदा राखीलच असे नाही. एलईडी दिव्यातील मंडल सोडवून त्याची ‘कमी व्होल्टांची’ वीज प्रयोगाला वापरण्याचा मोह काही मुलांना होतो. पुष्कळ दिव्यांत तो आडपडदा मुळीच नसतो. मीटर पाच व्होल्ट दाखवीत असता त्याच तारेला आणि ओल्या जमिनीला एकदम स्पर्श झाला तर झटका २३० व्होल्टांचा बसू शकतो. भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी अशा ॲडॉप्टरांना सक्तीची केली आहे ती याचसाठी. आणि तळ्याकाठी, जेथे पायाखाली चिखल आहे, तेथे घरातील विजेची लांब तार ओढून नेण्याचा विचार मनातही आणू नये. पाण्याजवळ बॅटरीच असावी.

दुसरा एक अपघात असा की त्यात आवाज होत नाही, धूर निघत नाही. घरातला एकमेव संगणक मात्र बिघडतो. पाटी संगणकाला जोडलेली असतानाच ‘पाच व्होल्ट’ या पिनेवर बाहेरची वीज दिली जाते. गोल सॉकेटमधून वीज आली असती तर पाटीने ती ओळखली असती. व्ही-इनवरील दाबाचा अर्धा भाग ३.३ व्होल्टांशी ताडून पाहणारे एक मंडल उनोवर असते, आणि दाब ६.६ व्होल्टांच्या वर आहे असे दिसताच ते यूएसबीची वाट बंद करते. पाच व्होल्टांच्या पिनेवर मात्र ही ओळख पटत नाही. यूएसबीची वाट उघडीच राहते आणि बाहेरची वीज उलट्या पावली संगणकात शिरू शकते. या दाराचा उपयोग करावयाचा असेल तर यूएसबीची तार आधी काढून ठेवावी.

मोटर, पंप, रिले यांची भूक मोठी असते. खेळण्यातील लहानशी सर्व्हो-मोटरही अडकली असता अर्ध्या अँपिअरहून अधिक ओढते. नियंत्रकाच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअर घ्यावेत हे उत्तम, ४० ही अखेरची सीमा. तेव्हा मोटरला तिचा स्वतंत्र पुरवठा द्यावा, पाटीने केवळ आज्ञा करावी. आणि दोन्ही पुरवठ्यांच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात, कारण दोघांची पातळी मोजावयाची ती एकाच तळापासून. हा सामाईक धागा राहून गेला तर आज्ञा पोहोचतच नाही.

हे सर्व नियम उनोचे आहेत. दिसावयास तिच्यासारख्याच असणाऱ्या दुसऱ्या पाट्यांची मर्यादा निराळी असते. कित्येक नवे नियंत्रक ३.३ व्होल्टांवर चालतात आणि त्यांच्या पिनांना पाच व्होल्टही सोसत नाहीत. उलट २०२३ साली आलेली उनोची नवी आवृत्ती सहा ते चोवीस व्होल्ट स्वीकारते, कारण तिच्यात दाब जाळून टाकणाऱ्या नियामकाऐवजी तो वेगाने तोडून-जोडून उतरविणारा नियामक आहे. म्हणून आजोबांचे ‘आधी वाच’ हे शब्द प्रत्येक नव्या पाटीला नव्याने लागू पडतात.

तेलीबांध्याच्या त्या घरात शेवटी काय ठरते? बारा व्होल्टांची, सात अँपिअर-तासांची एक बंदिस्त बॅटरी घेतली जाते. धन तारेत फ्यूज बसविला जातो. नियामकात सात व्होल्ट जाळण्याऐवजी दाब तोडून-जोडून उतरविणारा एक लहान परिवर्तक मध्ये घातला जातो, आणि तो पाटीला जोडण्यापूर्वी मीटर लावून नेमका पाच व्होल्टांवर आणला जातो. यामुळे बॅटरीतून निघणारा प्रवाह जवळजवळ निम्म्यावर येतो. बॅटरी अर्ध्याहून अधिक रिती न करण्याचा नियम पाळला तरी पाच दिवस सुखाने निघतात. परिवर्तकाची वीज यूएसबीच्या दारातूनच आत दिली जाते, कारण तेथे फ्यूजचा पहारा आहे. डबा पांढरा रंगविला जातो आणि झाडाच्या सावलीत, पाण्याच्या पातळीच्या वर बांधला जातो.

जोडणीचा क्रमही आजोबा ठरवून देतात. पुरवठा बंद असतानाच सर्व तारा जोडावयाच्या. ऋण तार प्रथम. प्रत्येक तार पिनेवरील अक्षराशी ताडून पाहावयाची. पाटीखाली धातूचा पत्रा किंवा तारेचा कपटा नाही, याची खात्री करावयाची. मग दाब मोजावयाचा, आणि तो बरोबर निघाला तरच फ्यूज बसवावयाचा. पहिली दोन मिनिटे यंत्राकडे पाहत बसावयाचे. काही तापले, वास आला, तर कारण शोधीत न बसता प्रथम पुरवठा तोडावयाचा. मुलीला ही पद्धत वेळखाऊ वाटते. पाटी बिघडली तर दुसरी मिळते, असे तिचे म्हणणे. “पाटी मिळेल,” आजोबा म्हणतात, “पण न मोजता जोडायची सवय एकदा लागली, की ती उद्या मोठ्या विजेपाशीही तशीच राहते.”

सायंकाळी तळ्याकाठी गर्दी वाढू लागते. कोणी फिरावयास आलेले असतात, कोणी मुलांना घेऊन बसलेले असतात. झाडाखालच्या त्या पांढऱ्या डब्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. डब्यात एक हिरवा दिवा लागलेला असतो आणि दर दहा मिनिटांनी तळ्याचा एक आकडा नोंदला जात असतो. मुलगी घरी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा मीटर लावून पाहते. पाच व्होल्ट. मग ती डब्याचे झाकण लावते.